तिआऊच्या अलीकडच्या काठावरून

गुरुवार, ऐझॉल

म्यानमारमध्ये लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ रोजी सत्ता बळकावली, त्याला मी २०२५च्या दिवाळीनंतर निघालो तेव्हा पावणेपाच वर्षे होत आली होती. बाहेरून जाणाऱ्या प्रवाशाला आज त्या देशात यांगून, बागान आणि लष्कराच्या ताब्यातील आणखी काही शहरे तेवढी पाहता येतात. ज्या डोंगरांत लोकांनी लष्कराची सत्ता नाकारून आपला कारभार आपणच चालवायला घेतला आहे, तिकडे त्या बाजूने वाट नाही. मला पाहायचे होते ते नेमके हेच, म्हणून दिवाळी उलटल्यावर मी मिझोरामची वाट धरली. मिझोरामची ५१० किलोमीटर लांबीची सीमा म्यानमारला, मुख्यतः तिथल्या चिन राज्याला, लागून आहे. चिन आणि मिझो हे एकाच कुळातले लोक आहेत आणि या सीमेवरून माणसे पिढ्यान्‌पिढ्या ये-जा करत आली आहेत. २०२१ नंतर चिन राज्यातून तीस हजारांहून अधिक माणसे या छोट्या राज्यात आश्रयाला आली. मिझोरामची स्वतःची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ११ लाखांच्याही थोडी खालीच होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या नव्या रेल्वेमार्गाने सायरांगला उतरलो, बाहेरच्यांना राज्यात शिरण्यासाठी लागणारे इनर लाइन परमिट दाखवले आणि दुपारपर्यंत ऐझॉलला पोहोचलो. संध्याकाळी एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. ते चर्चचे उपा, म्हणजे वडीलधारे पदाधिकारी आहेत. मिझो रीतीप्रमाणे मी त्यांना आदराने ‘पू’ म्हणत होतो. म्यानमारविषयी बोलायला आलेल्या माणसाशी ते पहिला तासभर केवळ मिझोरामविषयी बोलले, आणि आता मला वाटते की त्यांचे तसे करणे योग्यच होते.

मार्च १९६६मध्ये मिझो नॅशनल फ्रंटने भारतापासून स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा ते शाळकरी मुलगा होते. ५ मार्चला भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर हल्ला केला, वस्त्या जळाल्या आणि लोक जंगलात पळाले. पुढच्या वर्षी लष्कराने खेडीच्या खेडी उठवून रस्त्याकाठच्या बंदिस्त वसाहतींत एकत्र आणली. मागे राहिलेली घरे आणि धान्याची कोठारे जाळली गेली. त्या काळात कित्येक मिझो कुटुंबे डोंगर उतरून, सीमेवरची तिआऊ नदी ओलांडून ब्रह्मदेशात गेली. “त्या वेळी पलीकडच्या खेड्यांनी आमच्या माणसांना ठेवून घेतले, कोणी कागद मागितला नाही,” उपा म्हणाले. मिझोराममध्ये पुढच्या दिवसांत ज्यांना ज्यांना भेटलो, त्यांपैकी बहुतेकांनी हीच गोष्ट आपापल्या कुटुंबाच्या नावाने सांगितली.

मिझोरामचा शांतता करार व्हायला वीस वर्षे लागली. ३० जून १९८६ रोजी दिल्लीत मिझो नॅशनल फ्रंटचे नेते लालडेंगा, मिझोरामचे मुख्य सचिव लालखामा आणि केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांनी त्यावर सह्या केल्या. प्रधान हे पूर्वी महाराष्ट्राचे मुख्य सचिव होते आणि तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ऐझॉलमध्ये मात्र जुन्या पिढीला प्रधानांचे नाव ठाऊक आहे. करारानंतर काँग्रेसचे मुख्यमंत्री लाल थनहॉला यांनी आपले पद लालडेंगांसाठी सोडले आणि स्वतः उपमुख्यमंत्री झाले. निवडून आलेल्या माणसाने, कालपर्यंत ज्याला बंडखोर म्हटले त्याच्यासाठी खुर्ची रिकामी केली आणि त्याच्याच मंत्रिमंडळात काम केले, हे कराराच्या कलमांहून मला मोठे वाटते. त्याआधीची कित्येक वर्षे चर्चची मंडळी जंगल आणि सरकार यांच्यामध्ये ये-जा करत होती, दोन्हीकडचा संशय झेलत होती. उपांच्या मते करार दिल्लीत झाला खरा, पण तो टिकला तो गावागावांतल्या या तयारीमुळे. तीच तयारी आज चिन लोकांना बॉम्ब पडत असताना करावी लागते आहे, एवढे बोलून त्यांनी मला दुसऱ्या दिवशी कोणाला भेटायचे ते सांगितले.

शुक्रवार, ऐझॉल

शहराच्या उतारावरील एका भाड्याच्या घरात चिन तरुण-तरुणींचा एक गट राहतो. त्यांच्यात एक परिचारिका, न्यायालयातील एक माजी कारकून आणि दोन शिक्षक होते. त्यांची नावे मी लिहीत नाही, कारण त्यांचे आईवडील अजून लष्कराच्या ताब्यातील गावांत आहेत.

परिचारिका २०२१मध्ये एका सरकारी रुग्णालयात होती. नोव्हेंबर २०२०च्या निवडणुकीत आंग सान सू ची यांच्या पक्षाने ४७६पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. नवी संसद भरायची त्याच दिवशी पहाटे लष्कराने नेत्यांना अटक केली. दुसऱ्या दिवशी मंडालेतील डॉक्टरांनी लष्करी सरकारच्या हाताखाली काम करणार नाही असे जाहीर केले आणि तिथून असहकाराची ती प्रचंड चळवळ सुरू झाली. रेल्वे थांबली, बँका बंद पडल्या, एक लाखाहून अधिक शिक्षकांना निलंबित करण्यात आले. रोज रात्री आठ वाजता घराघरांतून भांडी वाजू लागली, कारण भांडी वाजवून दुष्ट शक्ती घराबाहेर घालवण्याची तिथे जुनी रीत आहे. मार्चमध्ये बायकांनी आपली लुगडी, ज्यांना तिथे ‘टमेन’ म्हणतात, रस्त्यांवर दोऱ्यांना टांगली. त्यांच्याखालून गेल्यास पुरुषाचे तेज जाते ही समजूत सैनिकांतही होती, त्यामुळे तुकड्या थबकायच्या आणि तेवढ्यात मोर्च्यातील मुलांना पळायला वेळ मिळायचा. हे सांगताना ती प्रथमच मोकळेपणाने हसली. त्यानंतर तिने २७ मार्चचा दिवस सांगितला. सैन्यदिनाच्या त्या एका दिवसात देशभर शंभराहून अधिक माणसे गोळ्यांनी मारली गेली.

निःशस्त्र चळवळ तिथे संपली, असे आपल्याकडील बातम्या वाचून वाटते. प्रत्यक्षात तसे झाले नाही. शस्त्रे उचलली गेली हे खरे. चिन राज्याच्या दक्षिणेकडील मिंडात गावात एप्रिल २०२१मध्ये लोक ‘तुमी’ नावाच्या शिकारीच्या जुन्या बंदुका घेऊन लष्कराच्या समोर उभे राहिले आणि पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ प्रत्येक तालुक्यात चिनलँड डिफेन्स फोर्सच्या तुकड्या निघाल्या. पण बंदूक घेतलेल्या प्रत्येकामागे काम सोडलेले शिक्षक, परिचारिका आणि कारकून होते. लष्कर जिथून हटले तिथे शाळा, दवाखाना, जमिनीची नोंद, भांडणाचा निवाडा आणि जकात ही सगळी कामे त्यांनी अंगावर घेतली. माजी कारकून आता चिन राज्यातील एका तालुक्याच्या लोकप्रशासनासाठी, म्हणजे लोकांनीच उभारलेल्या कारभारासाठी, न्यायालयाचे नियम लिहिण्याचे काम करतो. आमच्या तुकडीतल्या मुलाने गुन्हा केला तर त्याला शिक्षा कोण देणार, हा त्याच्यासमोरचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर सेनापतीने द्यायचे नाही हे ठरवायलाच त्यांना कित्येक महिने लागले.

मी त्यांना विचारले, की लढाई चालू असताना शांततेचे काम करता येते यावर तुमचा खरोखर विश्वास आहे का. त्यांनी उत्तरादाखल २०१५चा राष्ट्रव्यापी शस्त्रसंधी करार समोर ठेवला. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी आठ सशस्त्र संघटनांनी त्यावर सह्या केल्या, त्यांत चिन नॅशनल फ्रंटही होती. पाश्चात्त्य देशांनी पैसे दिले, परिषदा झाल्या, कागद साठले. पण लष्कराने संघराज्याच्या कोणत्याही मूळ प्रश्नावर एक पाऊल मागे घेतले नाही आणि डोंगरातल्या सामान्य माणसाच्या जगण्यात फरक पडला नाही. १९४७मध्ये पांगलाँग येथे जनरल आंग सान यांनी शान, काचिन आणि चिन नेत्यांना समान हक्कांचे वचन दिले होते, तेही पुढे असेच कागदावर राहिले. तेव्हा वरून केलेला शस्त्रसंधी म्हणजे शांतता, ही व्याख्या या पिढीने सोडून दिली आहे. मला त्यांचे म्हणणे पटले. ज्या तडजोडीत बळकावणाऱ्याची सत्ता तशीच राहते, तिला शांतता म्हणण्याचा आग्रह बाहेरच्यांनी धरू नये.

याचा अर्थ प्रतिकाराच्या बाजूला सर्व काही आलबेल आहे असा नाही, आणि या मंडळींनी ते लपवलेही नाही. डिसेंबर २०२३मध्ये चिन नॅशनल फ्रंट आणि अनेक तालुक्यांच्या संघटनांनी मिळून चिनलँडची राज्यघटना स्वीकारली आणि चिनलँड कौन्सिल स्थापन केली. काही संघटनांना ती रचना मान्य नव्हती. तालुक्यांचे आणि बोलींचे गट स्वतंत्र राहिले आणि दोन आघाड्या झाल्या. लष्कराविरुद्ध दोघेही लढत होते, पण एकमेकांच्या हद्दीत तणाव वाढत होता. अखेर २६ फेब्रुवारी २०२५ रोजी मिझोरामचे मुख्यमंत्री लालदुहोमा यांच्या मध्यस्थीने ऐझॉलमध्ये दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन चिन नॅशनल कौन्सिल उभारण्याचे मान्य केले. एका भारतीय राज्याच्या मुख्यमंत्र्याने शेजारी देशातील प्रतिकारकांत समेट घडवणे ही साधी घटना नव्हती. ती मिझोराममध्येच घडू शकली, कारण ज्यांना बोलावले आणि ज्यांनी बोलावले त्यांची कुळनावे, गाणी आणि चर्चची स्तोत्रे एकच आहेत. पण सह्या झाल्या म्हणजे समेट झाला नाही, हे त्याच वर्षी जुलैत दिसले. ते मला तिआऊकाठच्या झोखॉथर या सीमेवरील गावात पाहायचे होते.

शनिवार, ऐझॉल ते चंफाई

सकाळी सुमोने निघालो. सेलिंग, कैफांग, खॉझॉल करत चंफाईला पोहोचेपर्यंत अंधार पडला. पावसाळ्यात खचलेला रस्ता अजून पुरता दुरुस्त झालेला नाही. शेजारी बसलेला तरुण हा यंग मिझो असोसिएशनचा कार्यकर्ता होता. १९३५मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची शाखा प्रत्येक गावात आहे. थडगे खणण्यापासून हरवलेला माणूस शोधण्यापर्यंत सगळे काम तीच करते. २०२१मध्ये सीमेवर माणसे येऊ लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात बांबू, ताडपत्र्या आणि तांदूळ याच शाखांनी पोहोचवले. केंद्रीय गृह मंत्रालयाने १० मार्च २०२१ रोजी सीमेवरील राज्यांना लोंढा थोपवण्याचे आणि आलेल्यांना परत पाठवण्याचे लेखी कळवले होते. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून ते आपल्याला शक्य नसल्याचे सांगितले. झोरामथांगा स्वतः लालडेंगांबरोबर वीस वर्षे भूमिगत होते, आश्रय मागणे म्हणजे काय ते त्यांना ऐकीव माहितीवरून समजून घ्यायचे नव्हते.

रविवार, चंफाई

रविवारी मिझोराममध्ये दुकाने बंद असतात, वाहनेही थोडी. चंफाईचे पठार भाताचे आहे आणि कापणी चालू होती, तरी शेतात कोणी नव्हते. सकाळची प्रार्थना प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये झाली. मागच्या बाकांवर बरीच चिन कुटुंबे बसलेली होती.

त्यानंतर एका गृहिणीच्या स्वयंपाकघरात चहा घेताना मी ‘बुहफाई थाम’ पाहिले. प्रत्येक जेवणाच्या वेळी भात टाकण्याआधी घरची बाई एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकते, आठवड्याने तो चर्चकडे जमा होतो आणि विकून आलेला पैसा चर्चच्या कामाला लागतो. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. या राज्यात संस्था कशा उभ्या राहिल्या याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या डब्यात आहे, आणि निर्वासितांना इतकी वर्षे कोणी जगवले याचेही. भारत १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे या लोकांना कायद्याच्या भाषेत निर्वासितही म्हणता येत नाही. मिझोराम सरकारने ऑगस्ट २०२१मध्ये त्यांच्या मुलांना सरकारी शाळांत प्रवेश देण्याचे आदेश काढले. हा निर्णय कोणत्याही मदतनिधीपेक्षा दूरगामी होता. पण शिधा आला तो मुख्यतः लोकवर्गणीतून, आणि आता वर्गणी आटत चालली आहे. मणिपूरमधून २०२३पासून आलेली कुकी-झो कुटुंबे आणि बांगलादेशातून आलेले बॉम लोकही याच गावांच्या आधाराने आहेत. त्या गृहिणीने थकवा लपवला नाही. पहिल्या वर्षी दर महिन्याला तांदूळ देत होतो, आता सणाला देतो, असे तिने सरळ सांगितले.

दुपारी चर्चच्या सभागृहात थांटलांगहून आलेल्या काही वृद्ध स्त्रियांशी बोलणे झाले. थांटलांग हे चिन राज्यातील सुमारे दहा हजार वस्तीचे गाव होते. १८ सप्टेंबर २०२१ रोजी लष्कराच्या तोफगोळ्यांनी घरे पेटली, तेव्हा बाप्टिस्ट पास्टर कुंग बियाक हुम आग विझवायला धावले आणि सैनिकांनी त्यांना गोळी घालून मारले. पुढच्या महिन्यांत गाव पुन्हापुन्हा जाळले गेले आणि रिकामे झाले. या स्त्रिया अजून दर शनिवारी एकत्र येऊन गावातील घरांची यादी करतात : कोणाचे घर कोणत्या वाटेला, शेजार कोणाचा, हद्द कुठली. जमिनीची कागदपत्रे जळाली आहेत. परत जाऊ त्या दिवशी हद्दीवरून भांडणे होतील आणि लष्कर गेल्यावरही गाव फुटेल, म्हणून साक्षीदार जिवंत आहेत तोवर सर्वांच्या समोर नोंद करून ठेवायची. ही कल्पना त्यांना कोणत्या प्रशिक्षणात दिली गेली नव्हती. माझ्या या सबंध प्रवासात शांततेचे याहून नेमके काम मी पाहिले नाही.

सोमवार, झोखॉथर

चंफाईपासून झोखॉथर सत्तावीस किलोमीटर. रस्ता उतरत तिआऊ नदीपाशी येतो, तिथे लोखंडी पूल आहे आणि पलीकडे म्यानमारमधील रिहखॉदार. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी चिन प्रतिकारकांनी रिहखॉदारचे लष्करी ठाणे घेतले, तेव्हा हवाई हल्ल्यांच्या भीतीने हजारो माणसे या पुलावरून आणि नदीतून अलीकडे आली. पराभूत झालेले चाळीसहून अधिक सैनिकही आले आणि मिझोराम पोलिसांच्या स्वाधीन झाले; पुढे त्यांना भारताने परत पाठवले. ज्यांच्यामुळे पळावे लागले ते आणि पळणारे असे दोघेही एकाच नदीतून एकाच किनाऱ्याला लागले, आणि गावकऱ्यांनी सैनिकांनाही पाणी दिले, असे पुलाजवळच्या दुकानदाराने सांगितले.

पुलावरून पलीकडच्या टेकडीमागे रिह दिल हे तळे आहे. मृतात्मे पुढच्या लोकी जाताना याच तळ्यावरून जातात अशी मिझोंची जुनी श्रद्धा, आणि ते म्यानमारमध्ये आहे. पूर्वी मिझोरामचे लोक सहलीला सहज जाऊन येत. सीमेच्या दोन्ही बाजूंना १६ किलोमीटरपर्यंत मुक्त संचाराची सोय होती, ती रद्द करण्याची घोषणा केंद्राने फेब्रुवारी २०२४मध्ये केली. मिझोराम विधानसभेने त्याच महिन्यात त्याविरुद्ध आणि कुंपणाविरुद्ध ठराव केला. आता १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना पासावर ये-जा करता येते. मी ओलांडले नाही. माझ्याकडे तसा पास नव्हता आणि तो मिळण्याचा हक्कही नव्हता.

जुलै २०२५मध्ये या पुलावर पुन्हा गर्दी झाली, पण त्या वेळी कारण लष्कर नव्हते. पलीकडच्या भागावर ताबा कुणाचा यावरून चिन नॅशनल डिफेन्स फोर्स आणि हुआलङोराम चिनलँड डिफेन्स फोर्स हे दोन प्रतिकारक गटच एकमेकांशी लढले आणि सुमारे चार हजार माणसे अलीकडे आली. फेब्रुवारीच्या सह्यांना तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते. एप्रिलमध्ये ज्या लोकांनी पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर चिन राज्यातील फलाम शहराची लष्करी छावणी जिंकली होती, तेच जुलैत आपल्याच माणसांवर गोळ्या झाडत होते. मला याविषयी बोलताना सगळ्यांचा आवाज उतरलेला जाणवला. या सीमेवरून व्यापार चालतो, त्याची जकात हे डोंगरातील प्रत्येक प्रशासनाचे मोठे उत्पन्न आहे, शाळेचा खडू आणि बंदुकीची गोळी दोन्ही त्यातूनच येतात. तेव्हा भांडण केवळ अहंकाराचे नव्हते. पण मरणाऱ्या मुलाला हा फरक काय?

संध्याकाळी दोन्ही बाजूंच्या गावांतील काही वडीलधारे भेटले. लढाई थांबवण्यासाठी ते त्या दिवसांत या गटाकडून त्या गटाकडे जात होते. त्यांच्यातील एक पास्टर, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि दोन शेतकरी होते. त्यांनी कोणाला दोषी ठरवायचे नाही असे सुरुवातीलाच ठरवले. आधी मृतांचे देह परत करायचे, मग पकडलेल्यांना सोडायचे, मग घरी परतणाऱ्या माणसांच्या वाटेवर दोन्ही गटांनी बंदूक न्यायची नाही हे कबूल करून घ्यायचे, आणि जकातीचा प्रश्न शेवटी घ्यायचा, कारण तो आधी घेतला तर बाकी काहीच होणार नाही. पहिल्या तीन गोष्टींवर काही हाती लागले. चौथी अजून बाकी आहे. पुष्कळसे लोक परत गेले, काही गेलेले नाहीत. मुख्याध्यापकांना मी विचारले की सैनिकांनी तुमचे का ऐकले. ते म्हणाले, “दोन्हीकडचे कमांडर माझे विद्यार्थी आहेत. मी त्यांना वर्गात मारामारी करताना पाहिले आहे.”

मंगळवार, झोखॉथर

सकाळी एका छावणीतील शाळा पाहिली. बांबूच्या भिंती, पत्र्याचे छप्पर, एकाच खोलीत दोन वर्ग. मुख्य शिक्षिका मंडालेच्या विद्यापीठात शिकलेली, असहकारात नोकरी सोडलेली. मंडाले म्हटले की मराठी माणसाला टिळक आठवणारच. १९०८ ते १९१४ त्यांना ज्या किल्ल्यातल्या तुरुंगात ठेवले होते, तिथे आज म्यानमारच्या लष्कराची छावणी आहे, आणि त्याच किल्ल्यातून इंग्रजांनी १८८५मध्ये उचललेला राजा थिबा रत्नागिरीत १९१६मध्ये वारला. मी तिला हे सांगितल्यावर तिने विद्यापीठातून मोर्चा निघाला तेव्हा त्या किल्ल्याच्या खंदकाकाठी सैनिक कसे उभे होते ते सांगितले.

शाळेत इतिहास कोणता शिकवायचा हा तिचा रोजचा प्रश्न आहे. लष्कराच्या काळातील पाठ्यपुस्तकांत देशातील बहुसंख्य बामर समाजाच्या राजांची युद्धे होती आणि चिन लोक जवळजवळ नव्हतेच. नवीन पुस्तकात केवळ चिन शूरांच्या कथा घातल्या तर तीच चूक उलटी होईल, असे ती म्हणते. छावणीत फलाम, हाखा, तेदिम आणि मिझो बोलणारी मुले आहेत. खालच्या वर्गांत प्रत्येकाची बोली आणि वर सामाईक काय, यावर पालकांच्या सभा होतात, वाद होतात. तिने त्या सभांना जुलैनंतर एक नियम घातला : लढलेल्या दोन्ही गटांच्या पालकांनी एका बाकावर बसायचे. पहिल्या सभेला अर्धे लोक आलेच नाहीत, दुसरीला थोडे अधिक आले.

पलीकडे २८ डिसेंबर २०२५पासून लष्कर टप्प्याटप्प्याने निवडणूक घेणार होते. सू ची तुरुंगात होत्या, त्यांचा पक्ष २०२३मध्ये मोडीत काढला गेला, निवडणुकीवर टीका करणाऱ्यांना शिक्षेचा कायदा त्याच वर्षी जुलैत आला, आणि चिन राज्यातील बहुतेक तालुक्यांत मतदान होणारच नव्हते, कारण तिथे लष्कराची सत्ता पोहोचत नव्हती. तिथे पोहोचत होती ती विमाने. सगाईंग भागातील पाझिजी गावात ११ एप्रिल २०२३ रोजी लोकप्रशासनाच्या कार्यालयाच्या उद्घाटनाला जमलेल्यांवर बॉम्ब टाकून १६०हून अधिक माणसे मारली गेली. तिथे ना छावणी होती ना मोर्चा, होता तो गावाचा कारभार. लष्कराला बंदुकीइतकीच भीती कारभाराची वाटते, हे त्या हल्ल्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने दिसत नाही. राजकीय कैद्यांची नोंद ठेवणाऱ्या संघटनेच्या यादीत सत्तापालटानंतर मारल्या गेलेल्यांची संख्या आता सात हजारांच्या पुढे आहे. या निवडणुकीनंतर निवडून आलेले सरकार म्हणून त्याच लोकांशी व्यवहार सुरू करण्याचा मोह आपल्या देशाला होईल, अशी काळजी इथे मी ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येकाला होती, आणि मलाही होती.

निघण्यापूर्वी शिक्षिकेने आणि शेजारच्या दवाखान्यातील परिचारकाने मला विचारले, की तुम्ही हे तुमच्या भाषेत लिहिणार तर त्यात दोन गोष्टी घालाल का. पहिली अशी, की छावणीतील शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या मुलांना भारतात पुढे प्रवेश मिळावा असे प्रमाणपत्र कोणीतरी मान्य करावे. त्यांच्याकडील सगळ्यांत हुशार मुलगी गेल्या वर्षी शिक्षण सोडून चंफाईत धुणीभांडी करू लागली आहे. दुसरी, की मलेरियाची आणि बाळंतपणाची औषधे पुलावरून नेताना अडवली जाऊ नयेत. राज्याने जुलैअखेर सुरू केलेल्या बोटांच्या ठशांच्या नोंदणीला त्यांची हरकत नव्हती, त्यासाठी ती दोघेही रांगेत उभी राहून आली होती. नोंद झालीच आहे तर त्या नोंदीवर शाळेचा दाखला आणि औषधाचा परवानाही मिळावा, एवढे त्यांचे मागणे आहे, आणि ते मी दिल्लीत आणि मुंबईत ज्यांच्यापर्यंत पोहोचू शकतो त्यांना लेखी कळवणार आहे.